एका हापाची बिअर

मला बघायला आले तेव्हा मुलाकडच्यांनी दोन प्रश्न विचारले: स्वयंपाक येतो का, आणि वाचता येतं का. मी एकच विचारला. "तुमच्या घरी पेते कोन?"

आईने पदर तोंडात धरला. मामा उगाच खोकले. रिठदच्या दुसऱ्या एखाद्या पोरीने असं विचारलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण माझ्या बापाच्या पोरीने विचारावं म्हणजे कहरच. बाप तिथेच बसला होता. आदल्या दिवसापासून आईने त्याला कोठीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, म्हणून दाढी केलेला, शुद्धीवर असलेला आणि सगळ्या जगावर रुसलेला.

मुलगा काही बोलला नाही. मास्तर असूनही तो आजवर कुठल्याच बैठकीत आधी बोललेला नाही. बोलला त्याचा बाप. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, मिशीला पीळ देणारा उंच माणूस. "मी पेतो," तो म्हणाला. "फौजेच्या कॅन्टीनची रम भेटते मले. तू घरात आली का त्या दिवसापासून बंद."

मी लगेच होकार दिला. मुलाकडे तोपर्यंत नीट पाहिलंही नव्हतं.

माझ्या बापाबद्दल गावात सगळे एकच म्हणायचे, की माणूस वाईट नाही. पिणाऱ्याबद्दल लोक हे नेहमी म्हणतात. न पिणाऱ्याबद्दल कुणाला म्हणावं लागत नाही. या वाईट नसलेल्या माणसाने आईचं शिवणयंत्र एका दुपारी घराबाहेर काढून विकलं, ताईच्या लग्नात वरातीपुढे नाचता नाचता व्याह्याच्या अंगावर ओकला, आणि मी सातवीत पहिली आले तेव्हा केनवडच्या बाजारात चिखलात पडलेला मला दप्तरासकट उचलावा लागला. तेव्हाच मी कानाला खडा लावला होता, की जन्मात पुन्हा कुण्या पिणाऱ्याच्या घरात राहायचं नाही. माहेरी परत जायची सोयही नव्हती, कारण माहेरी तो होता. म्हणजे शिरपूरचं हे सासर दारूविना राहिलं तर मी वाचणार होते. त्या घरात एक जरी पिणारा निघाला, तर मला जायला जागा नव्हती.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शब्द पाळला. सहा वर्षं घरात थेंब आला नाही. रमच्या बदल्यात मला त्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या, आणि कधी कधी वाटायचं की रम परवडली असती.

गोष्टी सगळ्या एकाच विषयावर. फौजेत ते डोंगरातल्या एका छावणीत मेसमध्ये होते, आणि इंग्रज जाईपर्यंत एका गोऱ्या मेजरचे खास माणूस होते. हा मेजर आपल्या बंगल्यात घरीच बिअर करायचा. साधी नव्हे, तर 'पेल एल'. फिक्कट सोनेरी रंगाची. गावात हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. संध्याकाळी ओट्यावर मामाजींनी मिशीवरून हात फिरवून गोष्ट सुरू केली, की कुणीतरी विचारायचंच, "पण हवालदार, तुमच्याच्यानं पेलेल का?" आणि सगळा ओटा हसायचा. पाठीमागे म्हणायचे, मेसमधला वेटर होता आणि मेजरच्या गप्पा मारतो. आमचं गाव यात्रेकरूंचं. दिवसभर एसटीतून भाविक उतरतात, देवळाकडे जातात, सूर्य बुडायच्या आत जेवतात. अशा गावात एक म्हातारा रोज संध्याकाळी बिअरचं कीर्तन करायचा.

त्या कीर्तनाचं सार असं, की बिअरमध्ये एका वेलीचं फूल घालतात. कडवटपणा त्याचा आणि वासही त्याचाच. त्या फुलाच्या जाती असतात. इतर लोक चार जातींची फुलं एकत्र टाकतात. मेजर मात्र एका वेळी एकच जात टाकायचा. "दहा मसाले टाकले तं कोन्ता मसाला कसा हाय हे समजते का?" मामाजी विचारायचे. "निस्ती हळद टाकून पाह्य. मंग समजते हळद काय चीज हाय." डोळे मिटून नुसत्या वासावरून ते फूल ओळखायचे म्हणे. या फुलाला ते म्हणायचे 'हाप', पण हे नाव तेव्हा माझ्या कानावरून नुसतं गेलं होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझी काही चूक नव्हती हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात वाशीमला डोळ्यांचं शिबिर लागलं. मामाजींचा एक डोळा आधीच कामातून गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरव्या कापडाची झडप बांधून घरी आणलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, चुलीजवळ फिरकायचंसुद्धा नाही. फौजेतला माणूस खाटेवर बसला. चार दिवसांत जेवण सोडलं. आठ दिवसांत बोलणं सोडलं. ओट्यावर गोष्टी नाहीत, मिशीला पीळ नाही. मला खरं तर सुटका वाटायला हवी होती. मला भीती वाटली.

आणि त्यातच टपालाने पुडकं आलं. फौजेतला त्यांचा जुना साथी डोंगराकडचा होता. त्याच्या बागेत कुणीतरी ही वेल लावून दिली होती, आणि त्याने पहिल्या तोडीची वाळलेली फुलं पाठवली होती. कापडी पिशवीत गच्च दाबलेली, हिरवट पिवळी. मास्तरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, चिठ्ठी वाचून दाखवली. हिंदीत होती. एकाच जातीचं फूल आहे, दुसरं काही मिसळू नकोस, एवढंच होतं तिच्यात.

मामाजींनी पिशवी नाकाला लावली. किती तरी वेळ काढली नाही. मग म्हणाले, "सूनबाई, एक मांगतो. डोये येतात का जातात, देवाले माईत. नाक तरी आपलं हाय का नाई, ते पाह्यचं हाय मले."

"घरात दारू गाळायची?" मी विचारलं.

"गाळते कोन? गाळतात ते मोहाची. हे तं निस्तं आंबवनं हाय. तू इडली नाही का आंबवत?"

"इडली खाऊन कोनी वरातीत ओकलं नाही, मामाजी."

 तेवढ्यावर विषय संपला असता. पण त्या रात्रीही ते जेवले नाहीत, आणि सकाळी मी पाहिलं तर पिशवी उशाशी होती. मला राग आला तो स्वतःचा. म्हटलं, ठीक आहे. एकदाच. तुम्ही दोघांनी एकेक घोट घ्यायचा, आणि गावात चकार शब्द नाही. मी तर तोंडही लावणार नव्हते. नाकाने कांदे सोलणाऱ्या बायांमध्ये तेव्हा माझा पहिला नंबर लागला असता.

आता धूर वर्ज्य आणि वाकणं वर्ज्य, म्हटल्यावर करणार कोण? मीच. पिणाऱ्याची पोर, दारूची वैरी, आणि चुलीपुढे बिअर शिजवायला बसली. आता बोला.

दीड किलो जव वाशीमहून आणायला ह्यांना पाठवलं. आमच्याकडे जव फक्त पूजेला लागतात. दुकानदाराने विचारलं, "गुरुजी, कोणती पूजा?" ह्यांना घाम फुटला. म्हणाले, "शांतीची." दुकानदाराने वर मूठभर तीळ फुकट बांधून दिले. खमीर आणायचं होतं पावाच्या भट्टीतून. ते ह्यांनी जेवणाच्या डब्यात लपवून आणलं आणि एसटीत ते फुगून डब्याचं झाकण उडालं. शेजारी नेमके शाळेचे हेडमास्तर. घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता. "नोकरी जाईन माही," एवढंच म्हणत होते. मी म्हटलं, खमिरासाठी कुणाची नोकरी गेलेली मी ऐकली नाही. त्यावर म्हणाले, "तुले समजत नाही वं." ह्यांच्या सगळ्या वादांचा शेवट याच वाक्यावर होतो.

बाटल्यांसाठी मी पेठेतल्या सोडावाल्या चाचांकडे गेले. गोटीच्या सोड्याच्या जुन्या बाटल्या त्यांच्या मागच्या खोलीत पडून असत. चाचा पाच वेळचे नमाजी. मी म्हटलं, सासऱ्यांसाठी जवाचं पाणी भरून ठेवायचं आहे. खोटं नव्हतं ते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, दाढी खाजवली आणि चौदा बाटल्या पोत्यात घातल्या. "बेटी," ते म्हणाले, "मैं पूछूँगा नहीं, तू बताना नहीं. हवालदार को मेरा सलाम बोल." ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नसतो. पेठेत सगळ्यांना सगळं कळतं.

जव मी पोत्यात भिजवून मोड आणले. मटकीला येतात तसेच, फक्त तीन-चार दिवस जास्त. मग वाळवले, तव्यावर हलके शेकले, चोळून मोड झाडले आणि जात्यावर भरड काढली. इथपर्यंत मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. मामाजी खाटेवरून हुकूम सोडत होते आणि मी ते ऐकायच्या आधीच केलेलं असायचं. भरड गरम पाण्यात ठेवायची होती. पाणी किती गरम, तर बोट बुडवलं की राहवू नये पण भाजू नये. "तीन म्हनेपर्यंत बोट राह्यलं तं पानी थंड हाय," म्हणाले. माझं बोट पाच म्हणेपर्यंत राहिलं. भाकरी थापणाऱ्या हाताचं ते बोट. शेवटी ह्यांचं बोट बुडवायला लावलं. ते 'एक' लाच ओरडले, तेव्हा सगळं जमलं.

गोड पाणी कापडातून गाळून मोठ्या पातेल्यात चुलीवर चढवलं. अंगणातल्या चुलीपासून दहा हात लांब खाट, खाटेवर मामाजी, डोळ्यावर हिरवी झडप, मिशीला पुन्हा पीळ. उकळी आली. मी सांगितलं, उकळी आली.

"हाप टाक," ते म्हणाले.

आता सांगा. आमच्या वऱ्हाडात हाप म्हणजे काय? हाप चहा. हाप तिकीट. हाप चड्डी. मी पिशवी उलगडली, फुलांचे नजरेच्या अंदाजाने दोन ढीग केले आणि एक ढीग, चांगला दोन ओंजळी, पातेल्यात टाकला. अंगणभर असा वास सुटला की शेजारच्या म्हशीने मान वर केली. संत्र्याची साल, ओलं गवत आणि त्यात काहीतरी कडू. खरं सांगायचं तर वास वाईट नव्हता.

तासाभराने पातेलं उतरवायची वेळ झाली. "आता पुन्हा हाप टाक," मामाजी म्हणाले. मी राहिलेल्यातला अर्धा टाकला. म्हटलं, फौजेची पद्धत असेल. फौजेत सगळंच अर्धं अर्धं करून मोजतात.

थंड झाल्यावर सगळं लोणच्याच्या मोठ्या बरणीत ओतलं. बरणी मी तीन दिवस राखेने घासली होती, तरी मोहरीचा वास पुरता गेला नव्हता. खमीर टाकलं, वर कापड बांधलं, अंधाऱ्या कोपऱ्यात घोंगडीत गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी बरणी आपल्याशीच बोलायला लागली, बुडबुड. ह्यांची झोप उडाली. कुणी दारात आलं की ते मोठ्याने पाढे म्हणायचे, आवाज झाकायला. आठव्या दिवशी बडबड थांबली तेव्हा मामाजी म्हणाले, "आता अखेरचा हाप टाक, वासासाठी." मी राहिलेल्यातला अर्धा टाकला.

"पिशवी दे इकडे," ते म्हणाले. मी दिली. त्यांनी आत हात घातला. चाचपला. पुन्हा चाचपला.

"हे काय? मूठभर उरला? म्या तं सुरवातीले चिमूटभर टाकाले सांगतलं होतं."

"चिमूट कोन म्हनलं? तुमी हाप म्हनलं. म्या हाप टाकला. मंग पुन्हा हाप म्हनलं, म्या उरल्यातला हाप टाकला."

"अवं, हाप म्हन्जे त्या फुलाचं नाव हाय."

"मंग अर्ध्याले काय म्हनता तुमी?"

मामाजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. शेवटी म्हणाले, "हाप."

मग हसायला लागले. खाट हलेपर्यंत हसले. डॉक्टरांनी हसायला मनाई केली नव्हती, पण हे म्हणाले, "बाबा, टाके." महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी त्या रात्री दुसरी भाकरी मागितली.

चिमूट साखर घालून चौदा बाटल्या भरल्या. गोटी तोंडात घट्ट बसावी म्हणून उलट्या करून कुटारात, म्हणजे भुशात, रोवून ठेवल्या. एक बाटली दहाव्या दिवशी भर दुपारी फुटली. हे घरात होते. ते सरळ मागच्या दाराने निघून गेले आणि अंधार पडल्यावर विचारत आले, "गेले का?" कोण गेले, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

पंधराव्या दिवशी, रविवारी, पहिली बाटली उघडली. गोटी दाबली, फस्सकन आवाज झाला, आणि तीन पितळी पेल्यांत थोडी थोडी ओतली. मला नको म्हटलं होतं. मामाजी म्हणाले, "ज्यानं शिजवलं त्यानं चाखलं नाही तं पाप लागते." हे पाप त्यांनी जागच्या जागी शोधून काढलं होतं.

त्यांनी पेला नाकाखाली धरला. हिरव्या झडपेखाली काय झालं ते दिसलं नाही, पण गाल ओले झाले. "हेच," ते म्हणाले. "बंगल्यातलंच हाय. नाक शाबूत हाय माहं." मग मोठा घोट घेतला. आणि तोंड असं केलं की मी कधी विसरणार नाही. "कडूजहर. मेजरनं मले कोर्ट मार्शल केलं असतं." ह्यांनी घोट घेतला आणि मोरीकडे धावले. "हा तं चिरायत्याचा काढा हाय," तिथूनच म्हणाले. दोघांचे पेले तसेच राहिले. मामाजींना वास हवा होता, तो मिळाला होता. ते खूष होऊन आडवे झाले. ज्या वस्तूला मी सहा वर्षं घाबरत होते ती माझ्या घरातल्या दोन्ही पुरुषांनी थुंकून टाकली होती. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

मी माझा पेला संपवला. कारण टाकवत नव्हतं, एवढ्या मेहनतीचं. आधी जीभ आक्रसली. मग घशाखाली गेल्यावर वास वर आला, संत्र्याच्या सालीचा. मग पोटात ऊब. मी कारल्याची भाजी गुळाशिवाय खाणारी बाई. मला ते कडू वाटलं नाही. मग त्या दोघांचे पेले धुवायला घेतले आणि धुण्याआधी तेही संपवले.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी बाटल्या तपासायला गेले. एक फुटली होती ना, दुसरी फुटू नये म्हणून. एकीची गोटी मला जरा सैल वाटली. सैल गोटीची बाटली ठेवून काय उपयोग, म्हणून ती संपवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी थंडी होती. तिसऱ्या दिवशी थंडी नव्हती, पण पापड लाटून हात भरून आले होते. चौथ्या दिवशी मला कारण सापडलं नाही आणि मी शोधलंही नाही. दुपारी अडीच वाजले की माझे पाय आपोआप कुटाराच्या खोलीकडे वळायचे. नंतर बडीशेप खायची, तोंड धुवायचं, आणि मामाजींना चहा न्यायचा. ओट्यावर कुणी पिऊन आलं की मी आतून दात ओठ खायचे, त्या आठवड्यातसुद्धा. दुसऱ्याचं कुसळ दिसतं म्हणतात, ते खोटं नाही. मला माझं मुसळ दिसत नव्हतं, कारण ते मी बडीशेपेखाली ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी चहा नेला तर मामाजींनी कप घेतला नाही.

"जवळ ये," म्हणाले. मी गेले. "आज कितवी?"

"काय कितवी?"

"सूनबाई, डोये बांधले हायेत माहे. नाक नाही बांधलं."

"पेले घासत होते सकाळी. त्याचा वास असन."

 अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. "तू पेली त्याचं मले काही नाही," शेवटी म्हणाले. "बापापायी लहानपनी लय भोगलं तुनं. पर तू आता खोटं बोलली. सहा वर्सांत पह्यल्यांदा खोटं बोलली तू माह्याशी." मग म्हणाले, "जेवढ्या हायेत तेवढ्या आन इथं."

मी आणल्या. सात बाकी होत्या. त्यांनी मला मोरीपर्यंत हाताला धरून न्यायला सांगितलं. वाकायला मनाई होती म्हणून उभ्यानेच, अंगठ्याने गोटी दाबायची आणि बाटली उलटी करायची. एकेक करून. फेस मातीत जिरत होता आणि तो वास सगळ्या अंगणात पसरला, ज्या वासासाठी त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. एकदाही नाक वर करून त्यांनी तो घेतला नाही. फौजेतला तो साथी पुन्हा फुलं पाठवेल असं नव्हतं, आणि पाठवली असती तरी त्यांनी ती घरात आणली नसती, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्यापायी ते चाललं होतं, आणि मला मात्र लाज वाटली नाही. मला राग आला.  माझी वस्तू हा माणूस मातीत घालतोय, असं वाटलं.

शेवटच्या बाटलीला मी त्यांचं मनगट धरलं.

"एक तरी राहू द्या नं, मामाजी."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "कोनासाठी?"

मी मनगट सोडलं नाही.  त्यांनी दुसऱ्या हाताने माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, आणि गोटी दाबली.

लाज आली ती रात्री, भाकऱ्या थापताना. ह्यांनी विचारलं, "काहून रडून राह्यली वं?" मी म्हटलं, धूर. खोटं. मग लगेच म्हटलं, धूर नाही, आणि सगळं सांगितलं. हे चुलीपाशी येऊन बसले. या वेळी, तुले समजत नाही, असं म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी रिठदला गेले. बाप अंगणात बसला होता, डोळे लाल, हात कापत. मला बघून नेहमीसारखं म्हणाला, "उद्यापासून सोडतो, पोरी." एरवी मी त्याला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आले होते, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. माझ्या बाटल्या ओतून टाकायला मला सासरा मिळाला होता. त्याला मिळाली होती माझ्यासारखी लेक.